हातातला दगड

श्रमशिबिराच्या पत्रकात फायदे छापले होते: शिस्त लागते, स्वावलंबन येतं, शांत झोप लागते. पत्रक छापणाऱ्यांचं काय जातं! पण त्यातलं बरंचसं खरं निघालं. घरी स्वतःचा कपही न विसळणारी धाकटी आठवडाभरात मातीच्या पाट्या उचलायला लागली, ताटात पडेल ते गुमान खायला लागली. झोपेचं तेवढं खोटं ठरलं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी तिचा दादा याच शिबिरात आला होता, तो परत गेलाच नाही. ऊन लागून गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या सकाळी शिबिराच्या ऑफिसमधून त्याने घरी फोन केला होता. तो धाकटीने उचलला.

"डोकं गरगरतंय गं. आईला सांग, बाबांना न्यायला पाठव."

धाकटी तेव्हा तेरा वर्षांची. दादाची खिडकीवाली खोली महिन्यासाठी तिच्या ताब्यात आलेली. नाटकं करतोय झालं, असं तिने ठरवलं, "सांगते" म्हणाली आणि कुणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून ती गोष्ट ती एकटीच बाळगून होती. यंदा तिने शिबिराचा अर्ज भरला तेव्हा बाबांनी घर डोक्यावर घेतलं. आईने मात्र स्वतःच बॅग भरून दिली. दादाने जिथून फोन केला तिथूनच आईला खरं सांगायचं, एवढं एकच धाकटीने ठरवलं होतं. पण तीनदा फोन लावूनही जेवणखाण सोडून दुसरं काही तोंडातून निघालं नाही.

काम होतं टेकडीच्या उतारावर माती अडवणारी भिंत रचायचं. सिमेंट नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड बसवायचा. काम शिकवणाऱ्या गवंडीकाकांचा नियम एकच: हातात घेतलेला दगड परत खाली टाकायचा नाही. उचललात ना, मग त्याला जागा शोधा. "दगड आहे तो, भाजी नाही चाचपून ठेवायला," असं ते प्रत्येकाला ऐकवत.

दुपारी बारा ते चार काम बंद असे. हा नियम दादा गेल्यावर आला. त्या वेळी सगळं शिबिर आडवं झालेलं असताना धाकटीला रोज भिंतीकडून आवाज ऐकू येई. टक टक. जरा थांबून, टक. तिच्या अंगावर काटा यायचा. घरी रात्री मधल्या भिंतीवर दादा अगदी असंच ठोकायचा, जागी आहेस का विचारायला. जागी असली की ती एकदा ठोकायची, आणि ते ऐकून आई पलीकडून "झोपा आता" म्हणून ओरडायची.

आठवडा उलटल्यावर एका दुपारी तिला राहवलं नाही. ती उन्हात बाहेर पडली. भिंतीतल्या एका खिंडारापाशी गवंडीकाका एकटेच होते. तांबूस दगड त्यांनी आत बसवला, हातोडीने ठोकला, हलवून पाहिला आणि पुन्हा बाहेर काढला.

"तू त्याची बहीण ना?" मागे न बघताच ते म्हणाले. "पहिल्या दिवशीच ओळखलं. हा त्याच्या हातातला दगड. मला म्हणाला, काका, बरं वाटत नाही. मी म्हटलं, हातातला तेवढा लाव आणि जा." त्यांनी दगड छातीशी धरला. "तीन वर्षं बसवतोय. बसत नाही."

धाकटीला त्यांचा संताप आला. त्याच संतापात ती बोलून गेली, "मलाही सांगितलं होतं त्याने. फोनवर. मी कुणाला सांगितलंच नाही."

काकांनी तिची समजूत काढली नाही. "घरी माहितेय?"

"नाही."

"चल मग."

हातोडी हातात तशीच धरून ते तिच्याबरोबर ऑफिसात आले आणि दाराशी उभे राहिले. धाकटीने फोन लावला. आईचा आवाज आल्याबरोबर तिने एका दमात सांगून टाकलं.

मग आई म्हणाली, "मलाही आला होता त्याचा फोन. तुझ्यानंतर, मी कामावर असताना. मी म्हटलं, आठवडाभर काढ, सवय होईल. घरी येऊन नुसता लोळशील." तिचा आवाज फुटला. "अगं, तू कशाला वाहत बसलीस हे? आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही कधी."

धाकटी हमसून हमसून रडली. पलीकडे आईही रडत होती. तीन वर्षांत दोघी एकत्र रडल्या नव्हत्या.

तेवढ्यात ऑफिसच्या भिंतीवर बाहेरून आवाज आला. टक टक. जरा थांबून, टक.

धाकटीने दाराकडे पाहिलं. गवंडीकाका तिथेच होते, हातोडी खाली सोडलेली, चेहरा पांढराफटक.

"कोण ठोकतंय गं तिकडे?" आईने विचारलं.

पुन्हा तेच तीन ठोके आले. फोनमध्ये आईचा श्वास अडकलेला ऐकू आला.

"अगं, उत्तर दे ना त्याला," आई म्हणाली.