टाळीची मालकीण

"काकू, टाळी कधी वाजवायची हे तुम्हाला कळतं कसं हो?"

यशश्रीने हे विचारलं तेव्हा मध्यंतर चालू होतं आणि सबनीसकाकूंच्या हातात कागदी रुमालात धरलेला सामोसा होता. शेजारी इंग्लंडहून आलेला उंच गायक गरम पाणी पीत होता. खांबामागे तिच्या वर्गातल्या समरीन आणि गुलबानू एकमेकींच्या ओढण्या तोंडात कोंबून उभ्या होत्या. विचारून दाखव म्हणून पैज लावणाऱ्या त्याच. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात 'मे आय गो टू द वॉशरूम' म्हणतानाही जिचे कान लाल व्हायचे, त्या यशश्रीने विचारलं, तेही खणखणीत आवाजात.

त्यात 'काकू' म्हणाली. सबनीसकाकूंना काकू म्हटलेलं चालत नाही. त्यांना मॅम म्हणायचं.

त्याचं असं आहे, मस्कतमध्ये ज्या दिवसांत एसी बंद करून खिडकी उघडता येते, त्या दिवसांना आपण थंडी म्हणतो. यंदाच्या थंडीत सबनीसकाकूंनी एक मालिका भरवली होती. दर महिन्यातला एक गुरुवार, एक गायक, एक पियानो, आणि इंग्लंडमधल्या कवींच्या कवितांना लावलेल्या चाली. माइक नाही, तबला नाही, नाच नाही. मस्कतच्या अल हैल भागातली झाडून सगळी पुण्या-मुंबईची मंडळी सिल्क नेसून, परफ्यूम मारून यायची आणि चेहरे असे करून बसायची की जणू लहानपणी यांना अंगाईसुद्धा पियानोवर ऐकवली होती. यातल्या निम्म्यांच्या गाडीत येताना आयटम साँग वाजत असायचं, हे पार्किंगमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही ऐकू येई.

आता या गाण्यांची एक रीत आहे. गाणी तीन-चारच्या जुडीने येतात आणि टाळी जुडी संपल्यावरच वाजवायची. मधे वाजवली की अडाणी. पण जुडी कुठे संपते हे कळायला गाणं ऐकावं लागतं, आणि तेवढा उत्साह कुणात नव्हता. म्हणून सगळ्यांनी न बोलता एक सोय करून घेतली होती. सबनीसकाकू पहिल्या रांगेत बसत. कार्यक्रमपत्रिका हातात उभी धरत. त्यांनी ती मांडीवर ठेवली, की अख्खा हॉल टाळ्या वाजवायचा. यशश्रीने ही गंमत पहिल्याच गुरुवारी पकडली होती आणि सुट्टी संपून रविवारी स्कूल बसमध्ये पत्रिकेच्या जागी डबा धरून नक्कल करून दाखवली होती. पैज तिथूनच निघाली.

"ते आतून यावं लागतं, बेटा," काकू म्हणाल्या. सामोसा थोडा खाली आला होता. "ऐकून ऐकून कान तयार होतो. संस्कार असतात ते."

गायकाने हसून विचारलं, ही काय म्हणतेय?

"तुम्ही गाताना श्वास कसा घेता, असं विचारतेय," काकूंनी इंग्रजीत सांगितलं.

बिचाऱ्याने मग पोटावर हात ठेवून यशश्रीला श्वास समजावून सांगितला. तिने मान डोलावली. खांबामागून काहीतरी गुदमरल्यासारखा आवाज आला.

उत्तरार्धात ते गाणं होतं. यशश्रीचं. मालिकेच्या शेवटच्या गुरुवारी शाळकरी मुलांपैकी एकीला एकटीने गायला मिळणार होतं, ते तिला मिळालं होतं आणि हेच गाणं मिळालं होतं. एक बाई समुद्राकडच्या खिडकीत दिवा लावते, नवऱ्याचं जहाज यायचं असतं. दोन कडव्यांनंतर पियानो एकदम थांबतो. गायकही थांबतो. काहीच वाजत नाही. मग अगदी हळू शेवटची ओळ येते, आणि कळतं, की तो येणार नाही हे बाईला कधीपासूनच ठाऊक आहे. यशश्रीला त्या शांततेचं वेड होतं. आंघोळ करताना ती गाणं तिथे थांबवायची आणि आई बाहेरून दार वाजवायची, पडलीस की काय म्हणून.

पियानो थांबला. आणि सबनीसकाकूंनी मान वळवून मागे पाहिलं. ती कार्टी आपल्या हाताकडे बघतेय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. ती बघतच होती. काकू वळल्या आणि पत्रिका मांडीवर पडली.

टाळ्यांचा पाऊस पडला. यशश्रीच्या आईने कडकडून वाजवल्या. बाबा डुलकीतून दचकून उठले आणि उठल्या उठल्या वाजवू लागले. गायक अर्धवट तोंड उघडून उभा, पियानोवाल्या बाईंची बोटं अधांतरी. मग टाळी चुकीच्या जागी पडली हे एकेकाच्या लक्षात यायला लागलं. टाळ्या विरळ झाल्या, मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. गायकाने जरासं हसून मान झुकवली आणि पुढचं गाणं घेतलं.

शेवटची ओळ राहूनच गेली. ऐकणाऱ्यांत यशश्री सोडून ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवारी सकाळी आई पोह्यांवर खोबरं घालत असताना सबनीसकाकूंचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला.

"रेखा, मी तुझ्या मुलीला दोष देत नाहीये हं. पण पहिली टाळी तुमच्या रांगेतून आली, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. पाहुण्यांना काय वाटलं असेल? पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी तिने स्टेजवर येऊन एक वाक्य बोलावं. भारावून गेले, चुकून वाजवली, सॉरी. की विषय संपला. तिचं गाणं आहे तसं राहील. नाहीतर मग मला पूर्वाला द्यावं लागेल."

"बोलेल ना, मॅम," आई म्हणाली. "नक्की बोलेल."

फोन ठेवून आईने यशश्रीपुढे बशी सरकवली. "एकच वाक्य आहे, यशू."

"मी वाजवलीच नाही."

"ते सगळ्यांना माहितीये गं."

"सगळ्यांना माहितीये, तर मी सांगू कुणाला?"

"यल्ला, बोलून टाक आणि खलास कर," बाबा पेपरामागून म्हणाले. गाला भागातल्या त्यांच्या ऑफिसात सगळे असंच अरबी मिसळून बोलतात. "चार माणसांत राहायचंय आपल्याला इथे."

"बाबा, तुम्ही का वाजवलीत?"

"सगळे वाजवत होते म्हणून."

"आई, तू?"

आईने उगाचच पोह्यांवर लिंबू पिळलं, आधी पिळलेलं असताना. "मी त्यांच्याकडे बघत होते," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चिरकला. "तीन वर्षं तुला क्लासला नेतेय मी. बाहेर गाडीत बसून राहते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून समुद्रावर नेऊन, काचा वर करून तुझी प्रॅक्टिस घेते. ड्रेस शिवून आलाय. आणि तू एका वाक्यासाठी हट्ट करणार?"

हे मात्र यशश्रीला लागलं. बंद गाडीत आई शेजारी बसलेली असायची. अर्थ कळत नसूनही गाणं त्या शांततेशी आलं की चुळबुळ थांबवायची, बांगड्यासुद्धा हाताने धरून ठेवायची. गाडीत असं ऐकणारी बाई तिथे जाऊन कागदाकडे बघत बसते. सबनीसकाकूंचा राग आला होता त्याहून यशश्रीला याचा जास्त आला. आणि क्लासमधली ती पूर्वा नाकात गाते. त्या शांततेत ती नक्की घसा खाकरणार.

तिने पोहे संपवले. बशी सिंकमध्ये ठेवली. हात धुतले, पुसले, आणि येऊन दोघांच्या समोर उभी राहिली.

"मी ते वाक्य बोलणार नाही. पूर्वाला गाऊ देत," ती म्हणाली. "पण उरलेल्या प्रत्येक गुरुवारी मी येणार आहे. पहिल्या रांगेत, सबनीसकाकूंच्या अगदी शेजारी बसणार आहे. गाणं संपलं असं मला वाटेल, तेव्हा मी टाळी वाजवणार आहे. आणि आई, तू माझ्या बाजूला बसायचंस."