पोथीतल्या लग्नाचा चौरंग

मित्रांनो, मी एक जुना चौरंग आहे. जुना म्हणालो, मोडका नव्हे! माझा एक पाय जरा आखूड आहे, पण तो दोष हौशीराम सुताराचा. आळे गावच्या बाजाराला जायच्या घाईत त्यानं करवत चालवली आणि मी जन्मभर किंचित कलता राहिलो. त्या पायाखाली खापरीचा तुकडा सारला की मी राजासारखा उभा राहतो. राजांचं मला पुष्कळ माहीत आहे, कारण माझ्या डोक्यावर पोथी असायची.

आळ्याच्या शिवेवरच्या वस्तीत मारुतीचं देऊळ आहे, तिथं श्रावणात पोथी लागायची. नव्वद साल उलटून गेलं होतं, पण वस्तीत टीव्ही एखाददुसराच होता. पोथीला मात्र पाय ठेवायला जागा नसायची. सावळाराम ओवी वाचायचे आणि गोरख अर्थ सांगायचा. सावळाराम म्हातारे, आवाज खणखणीत. गोरख तरणा गडी, दिवसा टोमॅटोचा टेम्पो नारायणगावला न्यायचा आणि संध्याकाळी राण्यांच्या मनात शिरायचा.

अर्थ सांगणं म्हणजे सोपं काम वाटतं काय तुम्हाला? ऐकणारे लई द्वाड. राणी गप्प का बसली, प्रधान लबाड होता की नाइलाज होता त्याचा, सगळं खोदून खोदून विचारायचे. एकदा प्रधानाच्या बाजूनं आणि विरुद्ध असे दोन तट पडले आणि दुसऱ्या दिवशी खुरपणीला बायका एकमेकींशी बोलेनात. मला तर त्या भांडणांची भारी गोडी! पुस्तकातल्या माणसांसाठी जिवंत माणसं भांडतात, याहून पुस्तकाचं मोठं भाग्य कोणतं?

आता आमची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पोथीत केतकी नावाच्या राजकन्येचं लग्न होतं. तो अध्याय आला की देवळात खरंखुरं लग्न लागायचं. श्रावणात लग्नं नसतात, ठाऊक आहे मला, पण पोथीतल्या लग्नाला मुहूर्त कोण बघतो? केतकी म्हणजे एक नारळ, हिरवा खण नेसवलेला, मुंडावळ्या बांधलेला. तिला माझ्यावर बसवायचे. आमची शेतकऱ्यांची वस्ती वरपक्ष आणि ओढ्यापलीकडची मेंढपाळांची वाडी वधूपक्ष. मेंढरं घेऊन ती माणसं दिवाळीनंतर कोकणात उतरायची, पण श्रावणात घरी असायची. मग महिनाभर दोन्हीकडची माणसं एकमेकांना व्याही आणि विहीणबाई म्हणायची. वधूपक्ष आल्याशिवाय लग्नाचा अध्याय वाचायचा नाही, असा दंडक होता.

केतकीचे आईबाप व्हायचे वाडीचे जानकू आणि त्यांची बायको तुकाबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. तुकाबाई वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघायची. खण ती निवडायची, हळद ती कुटायची, माझ्यावर सांडायचीही तीच. माझ्या फळीच्या चिरेत ती हळद अजून आहे. पाठवणीला तिचे डोळे भरून यायचे. बाया हसायच्या, म्हणायच्या, अगं नारळ तर हाय. ती म्हणायची, असू दे.

आणि एका वर्षी गोरखनं घोटाळा केला. पोथीतला राजा पुष्पसेन, म्हणजे केतकीचा बाप, जावयाला अट घालतो की वर्षभर माझी गुरं राख, मग लेक देतो. बिचारा जावई वर्षभर गुरं राखतो. वर्ष भरायच्या दिवशी राजा स्वतः गोठ्यात जातो आणि दावी सोडून देतो. गुरं रानोमाळ पांगतात, जावयाला ती पुन्हा गोळा करत हिंडावं लागतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हा भाग निघाला. गोरख रंगात आलेला. त्यानं सांगून टाकलं की पुष्पसेन लोभी होता, वर्षभर फुकट राबवून घेतलं आणि वर दगाही दिला.

वरपक्ष खदखदा हसला. वधूपक्षातून मात्र जानकू उठले. घोंगडी खांद्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "पोरीच्या बापाला लोभी म्हणणाऱ्या घरात आमी पोरगी देत न्हाई." त्यांच्यामागं सगळी वाडी उठून गेली.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, मांडवाला आंब्याचे डहाळे लागले, लापशी शिजली, आणि ओढ्यापलीकडून कुणीच आलं नाही. सावळाराम पोथी उघडून बसले होते. वाचावं तर दंडक मोडतो, मिटावी तर पोथी अर्धी राहते. गोरखचं तोंड एवढंसं झालं. राजाला लोभी म्हटलं तर व्याही रुसला, असं जगात दुसरीकडं कुठं घडलं असेल असं मला वाटत नाही. पण मला सारखी आठवण येत होती ती तुकाबाईची. ती खण घेऊन बसली असेल, आणि नवऱ्याचा शब्द खाली कसा पाडणार?

तेवढ्यात ती आलीच. ओढ्यातून आली असणार, पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. पदरात नारळ. कुणाकडं न बघता माझ्यापुढं येऊन बसली आणि सावळारामांना म्हणाली की दाव्याची ओवी परत वाचा. सावळारामांनी पान मागं घेतलं आणि वाचली.

वर्ष सरता राजा आपण । गोठ्यासी गेला उठोन ।
दावी सोडिली हातेंकरून । कोणा न कळे काय मनीं ॥

तुकाबाईनं गोरखला विचारलं, यात लोभ कुठं लिहिलाय? गोरखनं ओवीवरून बोट फिरवलं. लिहिलेलं नव्हतंच. राजाच्या मनात काय होतं ते पोथीनं सांगितलंच नव्हतं.

"लोभ म्हणशील तर व्हता, गोरखभाऊ," तुकाबाई म्हणाली. "पण गुरांचा न्हाई. सकाळी लेक जायची व्हती. दावी सोडली तर जावई गुरं हुडकत बसल, आन् लेक अजून एक रात माझ्या घरात निजल. येवढाच लोभ त्याचा."

मी तर लाकूड, पण मलासुद्धा गलबलून आलं. इतकी वर्षं ती ओवी माझ्या डोक्यावर होती, आणि मीसुद्धा राजाला लबाडच समजत आलो होतो. गोरखनं पोथीला हात जोडले. म्हणाला, आमी वरपक्षाचे, मी जन्मभर पोथी जावयाच्या बाजूनंच सांगत आलो, पोरीच्या घरात कधी शिरलोच नाही. मग उठला आणि तसाच ओढा ओलांडून जानकूंना आणायला गेला. जानकू त्याला अर्ध्या वाटेतच भेटले. बायको एकटी ओढ्यातून गेली हे कळल्यावर त्यांचा राग कुठला टिकतो! मागं सगळी वाडी होती, पोरंटोरं, म्हातारीकोतारी आणि एक चुकार मेंढरूसुद्धा.

मग काय विचारता! लग्न लागलं. अक्षतांनी मी पिवळा झालो. लापशीच्या पंक्तीत जानकूंनी आणि गोरखनं एकमेकांना भरवलं आणि मेंढरानं मांडवाचे डहाळे खाऊन टाकले.

शेवटी पाठवणी आली. तुकाबाईनं नारळाचा खण सारखा केला, तोंडावरून हात फिरवला आणि रीतीप्रमाणं वरपक्षाच्या वतीनं उभ्या असलेल्या गोरखच्या हातात दिला. तिचे डोळे वाहत होते, पण या वेळी कुणी हसलं नाही. गोरख नारळ घेऊन दोन पावलं गेला, थांबला, वळला आणि तो नारळ पुन्हा तिच्या ओटीत ठेवला.

"विहीणबाई," तो म्हणाला, "आमच्या बी गुरांची दावी सुटलीत. उद्या येतो न्यायला."

तुकाबाई लेकीला घेऊन घरी गेली. पुढचा अध्याय वाचायचा तर केतकी सासरी पोचायला हवी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सावळारामांनी तोच लग्नाचा अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि माणसं कालच्यापेक्षा जास्त जमली. तेव्हापासून आमच्याकडं तो अध्याय दोन दिवस वाचतात.

पुढं घरोघरी टीव्ही आले. एक माझ्याही डोक्यावर बसला, हिंदीत रडायचा. काही वर्षं पोथी कपाटात गेली आणि मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? पण हल्ली श्रावण आला की तो टीव्ही खाली उतरतो आणि माझ्या पायाखाली खापरी येते.

मित्रांनो, माझी फळी पुसत जा, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं असं आहे. गोष्टीतल्या कुणाला वाईट ठरवायची वेळ आली, तर आधी एकदा त्याच्या घरात जाऊन बसा. आणि एखादं पान जिवाला लागलं, तर ते उलटायची घाई करू नका. लेकीला राहू द्या अजून एक दिवस.