एप्रिलचं पान

हाशिमने पाठवलेलं कॅलेंडर आलं तेव्हा मार्च सरत आला होता. आफ्रिका खंडाची बारा चित्रं, सगळी उपग्रहातून काढलेली. जानेवारीत वाळवंट, भाजलेल्या पापडासारखं फोड आलेलं. फेब्रुवारीत रान, इतकं दाट की आत गेलेल्याची हाकसुद्धा बाहेर यायची नाही. मार्चमध्ये दोन तळी, एक निळं आणि एक चक्क गुलाबी. एप्रिलच्या पानावर किनारा होता आणि त्यावर हाशिमने पेनाने बारीक गोल काढून लिहिलं होतं, 'आमचं जहाज इथे.'

हाशिम माझ्या शेजारणीचा, हाजराचा नवरा. मालवाहू जहाजावर खलाशी. जहाजाचा मालक बंदराचे पैसे बुडवून गायब झाला आणि बंदरवाल्यांनी जहाज धक्क्यापासून लांब नांगरून ठेवलं. पासपोर्ट त्यांच्या कचेरीत. खाली उतरायची परवानगी नाही. टपाल तेवढं पाणी आणणाऱ्या होडीतून जायचं.

हाजराला अक्षर येत नव्हतं, तिला आलेली पत्रं मी वाचून दाखवायची. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं मराठी पुड्यांच्या कागदांवरून शिकले आणि इंग्रजी नवऱ्याच्या दुकानातल्या घड्याळांच्या तबकड्यांवरून. त्याच दुकानातलं डोळ्याला लावायचं भिंग मी पदराआड घरी आणलं.

"चौकोन दिसतात गो," मी म्हटलं. मी मिठागरवाल्यांची मुलगी, मला कुणी सांगायला नको. "मिठागरं हायत ही!"

"आफ्रिकेत?"

"मग मीठ काय आपणच खायचं?"

हाजराने भिंग ओढून घेतलं. गोलाच्या आत तिला पांढरा ठिपका सापडला, खसखशीच्या दाण्याएवढा. "हे बघ जहाज! आता हललं की कळेल."

"छापलेलं हाय ते. हलणार कसं?"

"टीव्हीवर बातम्यांनंतर दाखवतात ते ढग? उपग्रहाचेच ना? रोज हलतात की."

खरं सांगायचं तर दोन शुक्रवार मीही जरा आशेनेच बघितलं.

दर शुक्रवारी दुपारी पापड वाळत टाकले की आम्ही ठिपका बघायचो. मी स्वतः रोह्यापलीकडे गेले नव्हते. गाडीच तिथे संपायची. भिंगातून मात्र मी आफ्रिकेच्या खाडीकाठच्या खाजणात शिरायची आणि चूल आठवली की परत यायची. गणपती येऊन गेले, हाजराच्या भिंतीवर एप्रिलच. "पान उलटलं तर तो हरवेल," म्हणायची.

सप्टेंबरात मी भिंगातून चित्राखालची मुंगीएवढी अक्षरं वाचली. चित्र १९८७ सालचं होतं. तेव्हा हाशिम खांब गावाजवळ हायवेवर पंक्चर काढत होता. सात वर्षांपूर्वीचा कुठलातरी पांढरा ठिपका आम्ही राखत बसलो होतो.

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हाजरा म्हणाली, "आज जरा डावीकडं सरकलाय ना गो?"

"व्हय," मी म्हटलं. "दोऱ्याएवढा."

नोव्हेंबरात हाशिम आला. बंदरवाल्यांनी जहाज विकून खलाशांना घरी धाडलं होतं. हाजराने तांदळाचं गोड सांदण वाफवलं, आळीभर वाटलं. मी बघायला गेले तर हाशिम पडवीत फेऱ्या मारत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, वळला की परत.

"बस की भावा," मी म्हटलं.

"चौदा," तो हसून म्हणाला. "डेकवर चौदा पावलं मोकळी होती. इथं बारा भरतात, वैनी."

आफ्रिका कशी होती विचारलं, तर म्हणाला, "एक क्रेन होती. एका गोदामाची भिंत होती." खालून कुणीतरी बाजारात चल म्हणून हाक मारली. हाशिम पायरीपर्यंत गेला, थांबला, कुणाच्या परवानगीची वाट बघावी तसा उभा राहिला आणि मागे वळला.

पुढच्या शुक्रवारी हाजरा कॅलेंडर घेऊन माझ्या घरी आली. तिच्या पडवीतून पावलांचा आवाज येत होता. तिने हात पुढे केला, मी भिंग दिलं. बराच वेळ ती वाकून बघत राहिली.

आता सांगावं म्हणून मी चित्राखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. हाजराने मान वर केली. डोळ्याभोवती भिंगाचा गोल उमटला होता.

"तो हाय गो अजून तिथंच," ती म्हणाली.

मी बोट काढून घेतलं. पान एप्रिलचंच ठेवलं.