पंधरा दिवसांचा कान

मी कानाचं मशीन बोलतोय. शेंगदाण्याएवढा जीव, रंग राखाडी, पाठीवर एक बारीक ओरखडा. माझे भाऊबंद एकेका कानाकडे जातात आणि तिथेच म्हातारे होतात. माझ्या नशिबी ते नाही. मी नमुन्याचा आहे. ज्याचं घ्यायचं की नाही हे ठरत नसतं, त्याला मी पंधरा दिवस वापरायला मिळतो. मग तो नवं घेतो किंवा घेत नाही, मी मात्र परत डबीत.

मी आवडलो नाही असं आजवर कुणी म्हणालं नाही. तरी दहातले आठजण मला परत करून रिकाम्या कानाने घरी जातात. "ज्याला ढगांचा गडगडाट ऐकू येत नाही, त्यालाही किंमत एका झटक्यात ऐकू येते," असं आमच्या कानाच्या बाई म्हणतात. कान तपासून मशीन बसवून देणं हे त्यांचं काम. म्हणतात हसत, पण मला डबीत ठेवताना माझ्याकडे बघत नाहीत.

माझ्या पाठीवरचा ओरखडा विणकर आजोबांच्या नखाचा आहे.

आजोबांनी एकेचाळीस वर्षं कापडाच्या कारखान्यात माग चालवले. शंभर माग एका छपराखाली खडखडत असले की शेजारच्याने कानात ओरडलं तरी कळत नाही. म्हणून तिथले सगळे ओठ वाचून बोलतात. आवाज काढायचा नाही, तोंड मात्र पुरतं उघडून शब्द घडवायचा. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात, 'ओठ वाचायला चुकलास तर बोट जाईल.' आजोबांची दहाही बोटं शाबूत होती. आजी त्याच कारखान्यात, चार माग पलीकडे. लग्नही तिथेच ठरलं. आजोबांनी विचारलं, आजी 'हो' म्हणाली, आणि मधल्या तिघांनी ते वाचून हातातलं काम टाकून टाळ्या पिटल्या. मुकादमाने पाचही जणांचा अर्धा दिवस कापला.

कान कधी गेले ते आजोबांना कळलंच नाही. घरातही दोघं ओठांनीच बोलत. मग आजीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड एकीकडे ओढलं गेलं. आवाज राहिला, जडसर, पण ओठांवर शब्द उमटेना. आजोबांच्या लेखी आजी एका दिवसात मुकी झाली.

चार महिने त्यांनी अंदाजाने तिची शुश्रूषा केली. तोंड हललं की पाणी, पुन्हा हललं की उशी सारखी करायची. लेक दुसऱ्या गावी नोकरीला, रविवारी यायची. तिला काळजी नको म्हणून आजी तिच्यापुढे "बरी आहे" एवढंच म्हणायची. शेवटी लेकीने आजोबांना कानाच्या बाईंकडे आणलं आणि मी त्यांच्या डाव्या कानामागे जाऊन बसलो.

घरी आल्याबरोबर आजोबांनी खाटेशी खुर्ची ओढली. "हं, बोल," म्हणाले.

"टाच," आजी म्हणाली. "टाच जळतेय हो."

आजोबांनी पांघरूण वर केलं. टाचेला अंगठ्याएवढी काळी जखम पडली होती.

"कधीपासून?"

"महिनाभर सांगतेय. तुम्ही आपले पाणी पाजताय."

आजोबा हसायला गेले, पण तोंड वेडंवाकडं झालं. मग उठून त्यांनी टाचेखाली मऊ घडी ठेवली, आणि ती नीट बसली का हे चारदा विचारलं. चारही वेळा उत्तर ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात भांडणं सुरू झाली. मला आजवर इतकं सुख कुठल्याच कानात मिळालं नव्हतं.

"जेवणात मीठ घालत जा जरा. चार महिने अळणी गिळतेय मी!"

"मग थुंकायचं होतंस!"

"थुंकले की! तुम्ही म्हणालात, हिला ताप आलाय वाटतं."

आता प्रश्न होता माझ्या नव्या भावाचा. किंमत म्हणजे आजोबांची सात महिन्यांची पेन्शन. कारखान्याचा विमा होता, म्हातारपणीही चालू. त्यात गुडघा बसत होता, मोतीबिंदू बसत होता. कान मात्र कामाच्या आवाजाने गेला असेल आणि रोजच्या बोलण्यात अडचण येत असेल, तरच. वयामुळे गेलेल्या कानाला एक पैसा नाही. ते ठरवायला विम्याचा तपासनीस आजोबांना समोर बसवून, बोलून बघणार होता.

"बाबा, तिथे हुशारी दाखवू नका," लेक वाटेत म्हणाली. "नाही कळलं तर नाही कळलं म्हणा."

"बरं, बरं. मी काय लहान आहे?"

नियमाप्रमाणे मला काढून ठेवायचं होतं. आजोबांनी मला शर्टाच्या खिशात टाकलं. बंद करायला बॅटरीचं झाकण उघडावं लागतं, ते विसरले. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

तपासनीस माणूस वाईट नव्हता. खिडकीच्या उजेडात बसला होता, दाढी गुळगुळीत, एकेक शब्द तोंड भरून बोलत होता. ओठ वाचणाऱ्याला याहून काय हवं?

"नोकरी किती वर्षं?"

"एकेचाळीस."

"घरी कोण असतं?"

"बायको. अंथरुणावर आहे."

"टीव्हीचा आवाज मोठा लागतो का?"

"टीव्ही आहे कुठे!"

मी खिशात शिट्टी मारली. कोंडलं की आम्ही चिरकतोच, पण त्या दिवशी मी जिवाच्या आकांताने चिरकलो.

"आजोबा, तुमचा फोन वाजतोय वाटतं."

"फोन? ऐकूच येत नाही, तर फोन घेऊन काय कपाळावर मारू?"

तपासनीस खो खो हसला. "ऐकू येत नाही म्हणता आणि टोला तर लगेच मारता!"

"साहेब, ते तुमचे ओठ वाचतायत," लेक काकुळतीने म्हणाली.

"असेल. पण बोलणं होतंय ना? मला तेवढंच लिहायचं असतं."

बाहेर आल्यावर आजोबांचा चेहरा फुलला होता. "एकही चुकलो नाही!" लेक भिंतीला टेकून उभी होती. आजोबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना कळलं आपण काय करून बसलो ते.

बाराव्या दिवशी पत्र आलं. 'समोरासमोरच्या संभाषणात अडचण आढळली नाही. दोष वयोमानानुसार. मागणी नामंजूर.' फेरविचाराला सहा महिने. लेकीने कानाच्या बाईंना फोन करून हप्त्याचं विचारलं, आकडा ऐकला आणि "बघते" म्हणून ठेवून दिला.

शेवटच्या सकाळी आजोबांनी खाटेशी बसून खुणा ठरवल्या. डोळे एकदा मिटले की टाच. दोनदा मिटले की कूस बदलायची. तीनदा म्हणजे पाणी. आजीने सगळ्या करून दाखवल्या.

"आणि बाकीचं?" आजोबांनी विचारलं. "बाकीचं कसं सांगशील?"

आजीने डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"बाकीचं राहू द्या," ती म्हणाली.

मी पोचवलेलं तिचं ते शेवटचं वाक्य. आजोबांनी मला कानामागून घाईघाईने ओढून काढलं. नख लागलं ते तेव्हाच.

महिन्याभराने लेक एकटीच आली, फेरविचाराच्या अर्जाला तपासणीचा कागद हवा होता म्हणून. कानाच्या बाईंनी आईची चौकशी केली.

"आई बोलत असते अजून. बाबा हल्ली तिच्याकडे पाठ करून बसतात. तिचं तोंड हललेलं बघवत नाही म्हणतात." मग तिने अर्ज पुढे केला. "यात कोणता कान, कशाने गेला, सगळं विचारलंय. कुणाचं ऐकायचंय, ते कुठे लिहू?"

बाईंनी अर्ज उलटापालटा करून पाहिला. तसा रकाना नव्हता.

मी आता डबीत आहे. उद्या कुणा निवृत्त मास्तरीणबाईंकडे जायचंय, पंधरा दिवसांसाठी. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस पटापट उत्तरं देत असेल, तर त्यावर जाऊ नका. एकदा पाठीमागून हाक मारून बघा. त्यांनी वळून पाहिलं नाही, तर पुढे काय करायचं ते मात्र मला विचारू नका. ते मला माहीत नाही.