कीबोर्डखालची रिकामी जागा

[काचेच्या दारावर, कंपनीने पाठवलेलं पोस्टर]

शांत. दिवसभर.

खाली लॅपटॉपचा फोटो. पंख्याची जाळी नाही. कीबोर्डखाली डाव्या कोपऱ्यात, जिथे इतकी वर्षं प्रोसेसरचा चौकोनी स्टिकर असायचा, तिथे काहीच नाही.

[त्या कोपऱ्याबद्दल]

रितेश कंपनीचा माणूस, कोल्हापूरहून येतो. देवरुखला स्टँडसमोरच्या आम्रपालीच्या दुकानात चहा घेता घेता त्याने समजावलं.

"मॅडम, आजवर चिप दुसऱ्याची, स्टिकर दुसऱ्याचा. गिऱ्हाईक येऊन मागायचं काय? स्टिकर. आमचं नाव कोण विचारत होतं? आमचं नवीन मॉडेल कधी यायचं, तेही चिपवाला ठरवणार. आता चिप आमची स्वतःची, मोबाइलच्या घडणीची. तापत नाही म्हणून पंखा नाही. पंखा नाही म्हणून जाडी नाही. आणि ती रिकामी जागा, तीच आमची जाहिरात."

"जुने प्रोग्रॅम?"

"नव्वद टक्के चालतात."

"उरलेले दहा?"

"ते कोण वापरतं हो!"

दसऱ्यापर्यंत वीस मशीन विकली तर दुकानावर कंपनीचा दिव्याचा बोर्ड लागणार होता. मग तालुक्यातली दुरुस्तीही तिच्याकडेच. नाही विकली, तर बोर्ड संगमेश्वरला, हायवेवरच्या दुकानाला.

[बिस्किटाच्या डब्यावर, मार्करने]

स्टि.

डबा स्वरूपचा. स्वरूप दुकानात दुरुस्ती बघतो. मेलेल्या लॅपटॉपवरचे स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून अलगद सोडवायचे आणि ठेवून द्यायचे, ही त्याची वीस वर्षांची सवय. कशासाठी, हे त्याला सांगता आलं नसतं.

पहिल्या महिन्यात तीन मशीन गेली. साखरप्याच्या एका गुरुजींनी लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्याच्या आत काय नायच काय?"

"आहे, गुरुजी. कंपनीचा स्वतःचा आहे."

"मग लिहिलान का नाय?"

गुरुजी उठून गेले. दुसऱ्या दिवशी स्वरूपने काउंटरवरच्या मशीनला डब्यातला एक स्टिकर लावला. कडा सरळ, मध्ये हवा राहू न देता. आम्रपालीने पाहिलं.

[आम्रपाली तेव्हा काय म्हणाली]

 

[विसावं मशीन]

सुहासदादांनी घेतलं. ते निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचे अहवाल जुळवून देतात. पत्रिकेत कोणाचं नाव आधी आणि कोणाचं मागून, हे इथे फोनवर ठरत नाही. वाडीत जाऊन, सगळ्यांना स्क्रीन दाखवून, सगळ्यांचं ऐकून ठरतं, आणि तेवढ्यात लाइट जाते. म्हणून दिवसभराची बॅटरी.

त्यांनी अंगठा स्टिकरवर फिरवला.

"आत जुना तोच हाय ना?"

"दिसतोय ना दादा," स्वरूप म्हणाला.

आम्रपाली बिल लिहीत होती. ती लिहीत राहिली.

दोन दिवसांनी कंपनीची माणसं आली. बोर्डासाठी शटरच्या वर चार भोकं पाडून गेली.

[स्क्रीनवर]

हा ड्रायव्हर या प्रोसेसरवर चालणार नाही.

खाली एकच बटण: ठीक आहे.

सुहासदादांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला. बाजूला अंगठ्याएवढं निळं डोंगल, मागे लावायचं. ते लावल्याशिवाय त्यांचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडत नाही. तो बनवणारे कधीच बंद झाले. चौदा वर्षांच्या फायली त्यातच.

"गो आम्रपाली, ह्येला मी ठीक हाय कसा म्हणू? रविवारी मंडळाची सभा. चारशे नावं अडकलीत आत."

"दादा, मी बघते."

"बघतेस काय? ह्या प्रोसेसरवर चालणार नाय म्हणतोय तो. मग ह्यो स्टिकर कसला?"

"जुन्या मशीनचा," स्वरूप हळूच म्हणाला.

"जुन्या म्हणजे मेलेल्या?"

बाहेर रितेश टेप घेऊन शटरची लांबी मोजत होता. तो आत आला, आम्रपालीच्या कानाशी वाकला.

"मॅडम, परत घेऊ नका. एकोणीस होतील. त्यांना जुन्या घडणीचं एक वेगळं द्या, हे त्यांच्याकडेच..."

मग त्याची नजर कोपऱ्यावर गेली.

"हे काय? हे कोणी लावलं?"

"गिऱ्हाईक लावतात ओ कधीकधी," स्वरूप म्हणाला. "पोराबाळांच्या घरात..."

सुहासदादा आम्रपालीकडे बघत होते. बाकी काही करत नव्हते.

"आम्ही लावला," आम्रपाली म्हणाली. "अकरा मशीनना. दादा, हे मी परत घेते."

रितेशने टेप सोडली. ती सर्रकन गुंडाळली गेली.

"त्या जागेवर कुणाचं नाव नसावं म्हणून कंपनीने चार वर्षं घालवली, मॅडम. आणि तुम्ही तिथे त्या चिपवाल्याचंच नाव चिकटवलंत?"

"माणसं तेच मागत होती."

"मग बोर्डपण त्याच्याकडेच मागा."

[फोन]

उरलेल्या दहा जणांना आम्रपालीने स्वतः फोन केला. दोघांनी मशीन परत आणलं. सात जण म्हणाले, आमचं काही अडत नाही. साखरप्याचे गुरुजी, ज्यांनी मागाहून येऊन स्टिकरवालं नेलं होतं, म्हणाले, "मशीन झकास हाय. स्टिकर तेवढा राहूंदे, लोक बघतात."

[शटरवर, चारपैकी दोन भोकांना तार बांधून]

सूचना सुहासदादांनी आम्रपालीने बदल्यात दिलेल्या जुन्या घडणीच्या मशीनवर जुळवली. पंखा घुंईं करत होता. अक्षरं त्यांच्या ठेवणीतली, ठसठशीत.

नवीन मशीन घेण्याआधी आपला प्रोग्रॅम, डोंगल आणि प्रिंटर घेऊन या. इथे लावून बघा. चाललं तर घ्या. याआधी आमच्याकडून अकरा मशीनवर खोटे स्टिकर लागले.

"खाली नावं कोणाची घालू?" त्यांनी विचारलं. "तुझं, स्वरूपचं? क्रम कसा?"

"माझं एकटीचं."

"स्वरूप रुसेल."

"रुसू दे."

त्यांनी नाव टाइप केलं, आणि मशीन तिच्याकडे वळवून थांबले, वाडीत थांबतात तसे.