दोन बोटं वर सरकलेला आरसा

मित्रांनो, मी जुनी आहे, बुटकी आहे आणि झाकण लावलेलं असलं की पाहुणे मला कचऱ्याचा डबा समजतात. एकाने तर माझ्यावर केळ्याची सालंही ठेवली होती. पण मी दुर्बीण आहे, आरशाची दुर्बीण. माझ्या तोंडाला भिंग नाही, नुसतं भोक आहे. उजेड त्यातून आत शिरतो, तळाच्या बशीएवढ्या आरशावर आपटून परत फिरतो, वाटेतल्या छोट्या तिरक्या आरशावर वळतो आणि माझ्या मानेजवळच्या नळीतून बाहेर पडतो. म्हणून माझ्यातून बघायचं ते बाजूने. नवखा माणूस हटकून माझ्या बुडाला डोळा लावतो आणि काहीच दिसत नाही म्हणून मलाच नावं ठेवतो.

माझा आरसा एका लांबलचक कारखान्यात घडला. तिथली एक बाई काच घासायची आणि थोड्या थोड्या वेळाने हात थांबवून ती गार होऊ द्यायची. "गरम काच खोटं बोलते," असं ती म्हणायची, कारण गरम असताना काचेचा आकार जरासा बदललेला असतो. पुढे आरशावर चांदीसारखा पातळ मुलामा चढला. तुमच्या घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे लपलेला असतो, माझा मात्र पुढे, उघड्यावर असतो. एवढं लक्षात ठेवा.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते विमा कचेरीतल्या एका साहेबांनी. माझ्या खोक्यावर लाल-निळे तेजोमेघ छापलेले होते. साहेबांनी मोठ्या हौसेने डोळा लावला आणि त्यांना दिसला एक करडा ठिपका. "एवढंच?" ते म्हणाले. धुळीमुळे रंग दिसत नाहीत, असं ठरवून त्यांनी मला उघडलं आणि अंघोळीच्या टॉवेलने आरसा खसाखसा पुसला. त्यावर नखाएवढा ओरखडा उठला. रंग काही दिसले नाहीत. मग माझी रवानगी कपाटावर झाली, बॅगांच्या मागे. किती वर्षं गेली ते मला ठाऊक नाही. एक कोळी माझ्या तोंडात राहायला आला होता, तेवढ्या एकालाच मी आवडायचे.

तिथून मी जुन्या सामानाच्या दुकानात आले. माझ्या शेजारी एक लांब, सडपातळ, चकचकीत दुर्बीण उभी होती. तिच्या अंगावर 'पाचशे पट मोठं दिसेल' अशी चिठ्ठी होती आणि त्या चिठ्ठीचा तिला फार तोरा होता.

एके दिवशी दुकानात एक ताई आली. पलीकडच्या रस्त्यावर तिचा छोटा फोटो स्टुडिओ होता, पासपोर्टचे फोटो काढायचा. तिने स्टुडिओच्या नव्या दिव्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे पर्समध्ये होते, त्याहून जास्त नव्हते.

"मला चंद्राचा फोटो काढायचाय," ती दुकानदाराला म्हणाली. "दुर्बिणीला माझा कॅमेरा लावून."

"मग ही घ्या ताई, पाचशे पट!" दुकानदाराने लगेच त्या सडपातळ बाईंना पुढे केलं.

ताईने तिच्या नळीवर टिचकी मारली. बाई थरथरल्या, त्या थरथरतच राहिल्या. ताईने मनात सात आकडे मोजले. मग तिने माझ्यावर टिचकी मारली. माझी तिपाई ओबडधोबड असली तरी वजनदार आहे. मी दोन आकड्यांत शांत झाले.

"डोळ्याला थरथर चालते हो, कॅमेऱ्याला नाही चालत," ती म्हणाली. "आणि हिचा आरसा केवढा रुंद आहे! उजेड जास्त घेईल."

"पण त्यावर ओरखडा आहे. नंतर परत आणायची नाही हं," दुकानदाराने बजावलं.

"एवढ्याशा ओरखड्याने काय होतंय? बाकीचा आरसा आहे की," ती म्हणाली आणि मला घरी घेऊन आली. मित्रांनो, त्या एका वाक्यावर मी आजही जीव टाकते.

घरी तिचे वडील होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते शिंपी होते, पण आता शिवणयंत्रावर कापड घातलेलं होतं. त्यांच्या नजरेच्या मध्यभागी एक काळा डाग बसला होता आणि तो वाढत होता. ते समोरचा माणूस बघायला गेले की त्याचा चेहराच नाहीसा व्हायचा, फक्त कान दिसायचे. कडेने दिसतंय तेही काही महिन्यांत पुसट होईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अण्णांना त्याआधी एक गोष्ट बघायची होती.

"अर्धा चंद्र असतो ना," त्यांनी लेकीला विचारलं होतं, "तेव्हा उजेड आणि अंधार जिथे जोडलेला असतो ती शिवण कशी आहे? लांबून तर सरळ दिसते. जन्मभर शिवणी घातल्या मी, पण इतकी सरळ मला कधी जमली नाही. जवळून बघायचीये एकदा."

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या नळीला डोळा लावला. पण काळा डाग नेमका चंद्रावर येऊन बसला. म्हणून तर कॅमेरा हवा होता. फोटो मोठा छापला असता, तर मान तिरकी करून, नजरेच्या कडेने, थोडा थोडा करून त्यांना तो बघता आला असता.

ताईने माझ्या नळीला कॅमेरा लावला आणि घोळ झाला. चित्र स्पष्ट होईना! तिने नळी आत आत फिरवली, पार टेकेपर्यंत. चंद्राचा नुसता पिठाचा गोळा दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने लांबच्या पाण्याच्या टाकीवर मला रोखलं, तरी तेच. मी शरमेने अर्धमेली झाले. स्वस्तातली दुर्बीण डोळ्यासाठी बनवलेली असते, कॅमेऱ्याचा विचार तिच्यात कुणी केलेला नसतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

ताई मात्र पेटलीच. "चित्र कुठेतरी पडत असणारच," ती पुटपुटली. तिने कागदाची सुरळी केली, तिच्या तोंडाला अण्णांचा कटिंगचा पातळ कागद चिकटवला आणि ती हळूहळू नळीत सरकवली. एका जागी कागदावर टाकी उमटली, इवलीशी, उलटी आणि अगदी लख्ख.

"अण्णा, चित्र आतच पडतंय! कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाहीये."

अण्णांनी नळीत बोटं घालून अंतर चाचपलं. "दोन बोटं कमी पडतायत."

"नळी कापू का?"

"थांब." अण्णा माझ्या अंगावरून हात फिरवत राहिले. ते मला आधी वरून, मग बुडापासून चाचपत होते. "शर्टाची बाही लांब झाली आणि कफ तयार असला, तर मी कफ नाही तोडत. बाही खांद्यातून उसवून वर घेतो. हिचा खांदा कुठाय?"

ताईने खाली वाकून बघितलं. मग तिने माझं बूड थोपटलं. "इथे, अण्णा. आरसा. आरसा दोन बोटं वर घेतला, तर चित्र दोन बोटं बाहेर येईल!"

आरसा धरणाऱ्या स्क्रूंसाठी नवी भोकं पाडायची होती, म्हणून अण्णांनी शिंप्याच्या खडूने माझ्या पोटावर तीन खुणा केल्या, बोटांनी तीन-तीनदा मोजून. अर्धा चंद्र तीन दिवसांवर होता. भोक चुकलं असतं तर माझ्या अंगाचा पत्रा वाया गेला असता, आणि दुसरी दुर्बीण घ्यायला पैसे नव्हते. पुढच्या अर्ध्या चंद्रापर्यंत अण्णांचे डोळे थांबतील याची खात्री कोण देणार? आधी आरसा काढून ताईने तो मांडीवर जपून घेतला. मग तिने बोलावलेल्या पत्रेवाल्या काकांनी ड्रिल टेकवलं. मित्रांनो, मी घाबरले, हे कबूल करते.

भोकं नेमकी पडली. आरसा वर बसला. ताईने त्याच्या पाठीमागचे स्क्रू फिरवून दोन्ही आरसे एकमेकांच्या रेषेत आणले. तिसऱ्या संध्याकाळी, आकाश अजून निळं असताना, तिने कॅमेरा लावून नळी फिरवली आणि चंद्र लख्ख दिसताच बटण दाबलं. मी अजिबात हलले नाही.

फोटो तिने दाराएवढा छापला, कापडावर. अण्णा त्याच्यासमोर तिरके उभे राहिले. वरून खाली, कडेकडेने, त्यांची नजर उजेड-अंधाराच्या सीमेवरून उतरत गेली. तिथे खड्डे होते, डोंगरांची टोकं होती. अंधारात थोडं आत एक शिखर एकटंच उजळलेलं होतं. मग ती परत वर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून उतरू लागली. ताईला वाटलं, दिसलंच नाही.

तेवढ्यात अण्णा मोठ्याने हसले. "सरळ नाहीये गं! कुठे लांब टाका, कुठे आखूड. ही मशीनची शिलाई नाही पोरी, हातची आहे!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जाड दोरा घेऊन त्या शिवणीवर टाके घालायला सुरुवात केली. रोज सकाळी, उजेडात, दोन-दोन टाके. प्रत्येक वळण, प्रत्येक दात त्यांनी तसाच उचलला.

आता अण्णांना दिसत नाही. मी त्यांच्या खोलीत असते. माझ्या पोटावर खडूच्या खुणा अजून आहेत, त्या ताई कुणालाच पुसू देत नाही. तुम्हीही माझ्या आरशाला हात लावू नका, मित्रांनो. धूळ बसली तर बसू द्या, फक्त झाकण लावा. आणि मला कपाटावर टाकू नका. तुम्हाला आकाशाला काही विचारायचं असेल तर मला बाहेर काढा, कारण मला अजून दिसतं.

घरात कुणी पोर आलं की अण्णा त्याचा हात धरून भिंतीवर टांगलेल्या त्या कापडापाशी नेतात, त्याचं बोट दोऱ्यावर टेकवतात आणि म्हणतात, "डोळे मीट. आता सांग, चंद्र कुठे शिवलाय?"