नदीकाठचा राजाछाप रुपया

बायको गेल्यावर माणसं काय काय करतात! कुणी देवाच्या मागे लागतो, कुणी मुलांच्या. बबनराव वाघचौरे मेटल डिटेक्टरच्या मागे लागले. सेकंडहँड मशीन घेतलं आणि नॉर्थ यॉर्कमधल्या आपल्या काँडोमागच्या रॅव्हीनमध्ये, म्हणजे झाडीच्या घळीत, नदीच्या काठाकाठाने रोज सकाळी ते जमिनीवरून फिरवायला लागले. मशीन वाजलं की खाली बसायचं आणि खुरप्याने उकरायचं. बहुतेक वेळा बिअरच्या बाटलीचं झाकण निघे. पण त्यांची तक्रार नव्हती. निदान मशीन तरी कानाशी काही बोलत होतं, घरात बोलणारं कुणी उरलंच नव्हतं.

घरात होत्या त्या राधाबाईंच्या अस्थी. कपाटात साड्यांच्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात. वर्ष उलटून गेलं होतं. अस्थी घरात ठेवू नयेत हे बबनरावांना कुणी शिकवायला नको होतं. मुलगी अनुया दर रविवारी व्हँकुव्हरहून फोनवर तेच विचारी, आणि बबनराव दर रविवारी नाशिकचं नाव पुढे करून वेळ मारून नेत. खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटे. बावीस वर्षं या देशात काढूनही राधाबाई एकट्या कधी ग्रोसरीला गेल्या नाहीत. तळमजल्यावर लाँड्रीला जायचं तरी ‘चला हो जरा’ म्हणून नवऱ्याला उठवायच्या. नाशिकला सोडलं तर आपण सात समुद्रांपलीकडे. इथे सोडलं तर त्या पाण्यात ओळखीचं एक माणूस नाही. अशा बाईला एकटीला टाकून घरी यायचं कसं?

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी वळणावरच्या वाळूत मशीन जरा वेगळं, स्वच्छ वाजलं. वीतभर खाली एक काळपट, जड नाणं लागलं. बबनरावांनी खिशातलं चुंबक लावून पाहिलं. इथली अलीकडची नाणी चुंबकाला चिकटतात, जुनी चांदीची चिकटत नाहीत, एवढं ते वर्षभरात शिकले होते. हे चिकटेना. अंगठ्याने माती पुसली तर मुकुट घातलेला राजा, पाचवा जॉर्ज. जुनं पन्नास सेंटचं असणार, वजनही तेवढंच. नाणं पाण्यात बुचकळून त्यांनी उलटं केलं आणि डोळे बारीक करून वाचलं. वन रुपी, इंडिया, १९१८.

त्यांनी ते दगडावर टाकून पाहिलं. अस्सल चांदीसारखं खणखणीत वाजलं. बबनराव ओल्या वाळूत बसकण मारून बसले.

संध्याकाळी रविवारची वाट न बघता त्यांनीच फोन लावला. “अगं अनुया, शंभर वर्षांपूर्वी इथे आपल्याकडचा कुणीतरी येऊन गेलाय! राजाछाप रुपया सापडला मला.”

“ओ वाव! बाबा, दॅट्स सो कूल!” मग तिचा नेहमीचा प्रश्न आला. “आणि आईचं काय? इट्स बीन ओव्हर अ यिअर, बाबा. स्नोच्या आधी डिसाइड करू या ना. मी लगेच फ्लाय करून येते.”

“बघू,” बबनराव म्हणाले.

पुढचे काही दिवस तो शंभर वर्षांपूर्वीचा माणूस त्यांच्या घरीच राहायला आला म्हणा ना. बोटीवरचा खलाशी असेल. लाकडाच्या वखारीत राबला असेल. चहा पिताना बबनराव त्याला विचारत, “थंडीचं काय करत होतास रे बाबा?” एकदा मनात आलं, राधेला त्या वळणावर सोडावं काय? हा आहे सोबतीला. आणि लगेच त्यांनी मान हलवली. परका पुरुष आत असला तर जी बाई लिफ्टमध्ये पाऊल टाकत नव्हती, तिला असली सोबत काय कामाची?

पुढच्या सोमवारी ते पुन्हा त्या वळणावर गेले. रुपयाच्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर मशीन वाजलं. निघालं ते दोन रुपयांचं नाणं. चुंबकाला चटकन चिकटलं. साल २०१९.

बबनरावांचा चेहरा पडला. खलाशी गेला, वखार गेली. शंभर वर्षांपूर्वी इथे कुणी आलं नव्हतं. कुणाच्या तरी लक्ष्मीपूजनाच्या ताटातला जुना रुपया परवापरवा या पाण्यात पडला होता, एवढंच. चिडून त्यांनी खुरपं आणखी खोल घातलं, तर चांदीची जोडवी हाताला लागली. दोन्ही. खालच्या बाजूने झिजून अगदी पातळ झालेली. फरशीवरून वर्षानुवर्षं चालल्याशिवाय जोडवी अशी झिजत नाहीत. राधेची तशीच होती.

कुणीतरी आपल्या बाईच्या अस्थी इथे सोडल्या होत्या. बरोबर तिची जोडवी दिली होती, आणि तिच्या हातचा पूजेचा रुपया.

ते वहाणांसकट पाण्यात उतरले. खिशातला रुपया, हे नाणं, जोडवी, सगळं जिथलं तिथे नदीला परत दिलं. “माफ करा हं बाई,” ते मोठ्याने म्हणाले. “मला ठाऊक नव्हतं.” आणि मग वर्षभरात आलं नव्हतं एवढं रडू त्यांना आलं.

काठावर येऊन त्यांनी फोन लावला. “अनुया, ये तू. आईसाठी जागा मिळाली.”

“रिअली? त्या हंड्रेड इयर्सवाल्या माणसाजवळ?”

“नाही गं. तिथे बाई आहे एक. आपल्यातलीच. आईला सोबत होईल.”

अनुया म्हणाली, “ओके बाबा. शुक्रवारी सकाळी येते.”

राधेची सोय झाली, या समाधानात बबनराव घरी पोचले. कपाट उघडून डबा बाहेर काढला, टेबलावर ठेवला, समोर बसले. आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की सोबत तिला मिळाली, आपल्याला नाही.

शुक्रवार यायला मधे तीन दिवस होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, जमीन अजून मऊ होती. त्या तीन दिवसांत बबनराव राधेला सोडून घराबाहेर पडले नाहीत.